खोपीतली नाचणी

सासूबाई कुणाच्याही घरी जेवल्या तरी पहिल्याच घासाला मिठावर बोलायच्या. माझ्या जेवणावर तर वीस वर्षं बोलल्या. यंदा होळीनंतर त्यांना ताप आला आणि उतरताना तोंडाची चव घेऊन गेला. ताटात काय आहे ते न बघता दोन घास खायच्या आणि ताट सारायच्या. मिठाबद्दल अवाक्षर नाही. खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं. मग त्यांच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या आणि मी घाबरले.

आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं असतं. हंगाम संपला, गावी निघायच्या आदल्या दिवशी त्यातल्या बाईनं आम्हा दोघींना बागेतल्या त्यांच्या खोपीत जेवायला बोलावलं. ती आमच्या पडवीत कितीदा जेवली असेल, आम्ही तिच्याकडे कधीच नाही. बोलावणं मोडू नये म्हणून सासूबाई काठी टेकत आल्या.

भात, सुक्या बोंबलांचा रस्सा आणि टोमॅटो-मिरचीची ठेचून केलेली चटणी. चटणीत तिच्या डोंगरातला कसलासा दाणा होता, आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊच. जिभेला मुंग्या आल्या, नाक वाहायला लागलं. मग तिनं आमच्यापुढे एकेक उंच ग्लास ठेवला. आत गच्च भरलेली नाचणी. आमचीच! भाकरीला हवी असेल म्हणून फेब्रुवारीत मी माळ्यावरची काढून दिली होती, आमच्या घरात आता खातंय कोण. तिनं ती उकडून, गावाहून आणलेली खमिराची वडी कुस्करून, मडक्यात झाकून ठेवली होती. थोडं चढतं, असं बजावून तिनं वरून कढत पाणी ओतलं.

बांबूच्या नळीनं मी घोट ओढला. आंबूस, ऊन, मागाहून गोडसर. जिभेवरची आग बसली. जन्मभर खाल्लेल्या नाचणीच्या पोटात हे होतं? मी ग्लासात बघतच राहिले.

पाणी संपलं तसा मी चमचा घेतला, आंबील खावी तसे दाणे खायला. ती हसली, चमचा काढून घेतला आणि पुन्हा कढत पाणी ओतलं. त्याच दाण्यांतून पुन्हा तीच चव आली. तिसऱ्यांदाही आली. एवढंसं धान्य, आणि त्याचं देणं काही संपेना.

सासूबाई औषध म्हणून घेते म्हणत होत्या, पण नळी काही सोडत नव्हत्या. मध्येच त्यांनी चटणीला बोट लावलं, चाटलं आणि थांबल्या. पुन्हा चाटलं.

"मीठ जास्ती झालाय गो," त्या तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हिचा पण हात असाच हाय."

वीस वर्षं ज्या बोलण्यानं माझं डोकं उठायचं, ते ऐकून मला रडू फुटलं. ती बिचारी ओशाळून चटणी उचलायला वाकली. सासूबाईंनी चटणीवर आडवा हात धरला आणि भात मागितला.