मेंबरसाहेबांची चटई

"मास्तर, बोलला का जी तो?"

वाचनालयाच्या दारात येऊन, हातातला कोयता उंबऱ्याबाहेर ठेवून बाई हे विचारायच्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बाकावर कोणी परगावचा पाहुणा बसलेला असला, तर त्याला वाटायचं बाईंचा नवरा रुसून बसलाय. पण 'तो' म्हणजे आमच्या भागाचे आमदार, आमचे मेंबरसाहेब. आणि बोलला का, म्हणजे नागपूरच्या विधानसभेत त्यांनी तोंड उघडलं का.

तेव्हा आपल्या जिल्ह्याला चांदा म्हणायचे आणि आपली विधानसभा नागपुरात भरायची. मी सिंदेवाहीला शाळामास्तर होतो, आणि हौस म्हणून शाळेच्या पडवीत वाचनालय चालवत होतो. वाचनालय म्हणजे दोन बाकं, एक कपाट आणि छोट्या रेल्वेनं दुसऱ्या दिवशी येणारं नागपूरचं वर्तमानपत्र. शिवाय मी मोठ्या ऐटीत पत्र लिहून विधानसभेच्या कामकाजाची छापील पुस्तकं मागवली होती. कोण काय बोललं, कोणी कोणत्या बाजूनं मत दिलं, सगळं त्यात असायचं. ती टपालानं यायची आणि कपाटात बसायची. गावात कोणी ती उघडेना. खरं सांगू? मीही उघडत नव्हतो. कपाट भरलेलं दिसायचं, एवढंच.

ती बाईंनी मला उघडायला लावली.

बाईंचं घर शाळेच्या मागेच. काम बुरडाचं. सूप, टोपल्या, चटया, धान्याच्या कणग्या. वय पन्नाशीचं, अंग काटक, आणि आवाज असा की वर्गात पोरं पाढे म्हणत असली तरी त्यावरून बाईंचं बोलणं ऐकू यावं. अक्षरओळख शून्य, पण गावातल्या कोणालाही गप्प करायची ताकद. कोणी बुरडाच्या कामाला हलकं म्हटलं की त्या म्हणायच्या, "जलमला का सुपात, मेला का तिरडीवर. बुरडाबिगर कोनाचं भागलं हाये?" ऐकणारा आपला मुकाट्यानं सुपाचा भाव विचारायचा.

पण बाईंना एक घोर होता. मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, होता तोवर त्या जंगलातून बांबू आणायच्या आणि बदल्यात त्याच्याकडे चार टोपल्या टाकायच्या. मग मालगुजारी गेली, जंगल सरकारचं झालं. घरापुरतं लाकूड, घरापुरता बांबू आणायची मुभा लोकांना राहिली; तिला निस्तार म्हणायचे. पण बाईंचा बांबू टोपल्या करून विकायसाठी. जंगलखात्याचा नाकेदार म्हणायचा, ही चोरी. दोनदा मोळी गेली, एकदा कोयता गेला. घरात कर्ता मुलगा होता, सून होती. तो म्हणू लागला, "माय, आता मी कोयस्याच्या खानीत जातो." बाईंची झोप त्यानंच उडाली. सात पिढ्यांचं काम, आणि पोरगा जमिनीच्या पोटात जाणार!

पहिल्या निवडणुकीला मेंबरसाहेब बाईंच्या अंगणात आले होते. बांबूचं मी बघतो, म्हणाले होते. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. बाईंनी टाकला. आणि त्यांची अशी पक्की समजूत झाली की आपला तो कागद घेऊनच मेंबर नागपूरला गेले आहेत.

"माया कागद त्याच्यापाशी हाये ना जी? मंग त्यानं काय केलं माया कागदाचं, हे मले समजाले नोको?"

मी समजावलं, बाई, कागद मोजतात आणि ठेवून देतात. त्यांनी माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आमचा नेम सुरू झाला. शाळा सुटली की बाई पडवीत बसायच्या, मी कामकाजाचं पुस्तक वाचायचो. सगळं कुठलं वाचणार? मेंबरसाहेबांचं नाव कुठे येतं ते शोधायचो. आणि घरी जाऊन बाई त्याची नोंद करायच्या. कशी? चटई विणून! विधानसभेचा एक दिवस, बांबूची एक आडवी कामटी. त्या दिवशी मेंबर काहीच बोलले नाहीत तर कोरी. आपल्या बाजूनं बोलले किंवा मत दिलं, तर पळसाच्या फुलांत रंगवलेली केशरी. आपल्या विरुद्ध गेले, तर बिब्ब्यानं काळी केलेली.

"आणि साहेब आलेच नसतील त्या दिवशी?" मी विचारलं.

"न आला काय अन् न बोलला काय! कोरीच."

चटई वाढत चालली. कोरी, कोरी, कोरी. एकदा पुस्तकात कंसात 'हशा' असं छापलेलं मी वाचलं, तर बाई ताठ झाल्या.

"कोन हासलं? आपला हासला का?"

"ते नाही दिलेलं बाई. सगळेच हसले असतील."

"हासला असन तं बरं. जागा होता म्हना." पण कामटी कोरीच घातली. नुसत्या हसण्याला रंग देणाऱ्यांतल्या बाई नव्हत्या.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. वाचनालयाला खोली मिळावी म्हणून मी मेंबरसाहेबांकडे अर्ज दिला होता. त्यांनी होही म्हटलं होतं. अशात एक पुस्तक आलं. जंगलातला माल विनापरवाना तोडणाऱ्याचा दंड वाढवायचा ठराव, त्यावर मतदान, आणि 'बाजूने' या यादीत आमच्या साहेबांचं नाव. ठसठशीत. मी आदल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. बाई समोर बसल्या. मी वाचत गेलो, त्या पानापाशी आलो, आणि दोन पानं एकदम उलटली.

बाईंनी कान टवकारले. मग म्हणाल्या, "मास्तर, दोन पानं पलटवली तुमी."

"चिकटली असतील बाई."

"मले वाचता येत नाई. पन पान पलटलं का आवाज येते ना जी." आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "सारा गाव मले पागल म्हन्ते. तुमी एकटे वाचून राह्यले माह्यासाठी. तुमीच लपवान तं मी कोनाले इचारू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे गेलो, यादी वाचली, नाव वाचलं. बाई उठल्या. "खोली भेटन तुमाले," एवढंच म्हणाल्या. त्यांना अर्जाचंही ठाऊक होतं! त्या दिवशी चटईत काळी कामटी पडली. मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी अर्ज परत मागवला.

दुसरी निवडणूक जवळ आली तसे मेंबरसाहेब गावोगाव फिरू लागले. आमच्याकडे येणार म्हणून स्टेशनमास्तरांची खुर्ची आणून ठेवली होती, हार केले होते. साहेब आले आणि खुर्चीकडे वळले, तोच बाई गर्दीतून पुढे. खांद्यावर चटईची मोठी गुंडाळी.

"खुर्चीवर तं नागपुरात बसताच साहेब. आज इथी बसा."

साहेब स्वभावानं भला माणूस. हसून खाली बसले. चटईवरून हात फिरवून म्हणाले, "वा बाई! फार सुंदर काम. ही एकच काळी पट्टी का हो? नजर लागू नये म्हणून?"

"ते तुमी जंगलाचा दंड वाढवाले मत देल्लं, तो दिवस."

"आणि बाकीची सगळी?"

"बाकी तुमी बोलले नाई, ते दिवस."

गर्दीत खसखस पिकली. साहेब ज्या दिवसांवर बसले होते त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जातात. पण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, खरं सांगू का? मला उभं राहायची भीती वाटते. तिथे मोठमोठे वकील आहेत. मी उठतो म्हणतो, आणि तसाच बसून राहतो. दंडाच्या वेळी सगळे ज्या बाजूला गेले, तिकडे मीही गेलो."

बाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या आणि समोर हे! त्या खो खो हसल्या. "अगा बावा! मी समजली तुमी इसरले. तुमी तं भेले!"

मग मला म्हणाल्या, "मास्तर, त्या पुस्तकात असते ना, सवाल लेहून देल्ला तरी मंत्र्याले जवाब द्या लागते?"

असतं. मी वाचून दाखवलं होतं, मीच विसरलो होतो. तिथेच, त्या चटईवर बसून आम्ही प्रश्न लिहिला. बाई बोलल्या, मी लिहिलं, साहेबांनी सही केली. बुरडाला बांबू मिळणार की नाही, एवढाच प्रश्न. मुलाला बाईंनी दटावलं, "जवाब येईपर्यंत खानीचं नाव काढाचं नाई." तो बिचारा थांबला.

नागपूरचं ते शेवटचं पुस्तक यायला फार वेळ लागला. बाई रोज विचारायच्या, मी रोज मान हलवायचो. अखेर आलं. मी फोडलं नाही, बाईंना बोलावून त्यांच्यासमोर फोडलं आणि एकेक पान उलटत गेलो. प्रश्न होता! साहेबांच्या नावासकट. मंत्र्यांचं उत्तर मात्र सरकारी: बाब विचाराधीन आहे. बाईंचा चेहरा उतरला. मी पुढची ओळ पाहिली आणि तिच्यावर बोट ठेवलं. साहेब उभे राहिले होते. त्या वकिलांच्या गर्दीत उभं राहून त्यांनी स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं, "माणूस जन्मला की सुपात घालता, मेला की तिरडीवर नेता. मग बुरडानं आणलेल्या बांबूलाच चोरी का म्हणता?"

"पुन्हा वाचा जी."

पुन्हा वाचलं.

"हे तं मायं बोलनं हाये."

"तुमचंच आहे बाई. सरकारच्या पुस्तकात छापलंय."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग कोयता उचलला आणि एकदम प्रसन्न होऊन म्हणाल्या, "म्हंजे माया कागद पोचला. तुमी म्हनत होते, ठेवून देतेत!"

मी कान धरले. त्या दिवशी चटईत पहिली केशरी कामटी पडली.

पुढच्या वर्षी हुकूम निघाला. डेपोतून बुरडांना ठरावीक बांबू मिळू लागला. पुरेसा नव्हता, पण चोरीचा नव्हता. मुलगा खाणीत गेला नाही. साहेब पुन्हा निवडून आले. तोवर राज्य बदललं होतं आणि त्यांना थेट मुंबई गाठावी लागली. बाईंची काळजी एकच, "तिथी तं अजून मोठे वकील असतीन ना जी?"

मग माझी बदली सिरोंच्याला झाली. तिकडे दोन पावसाळे काढले असतील, एक दिवस बाईंचा मुलगा दारात उभा. खांद्यावर ती गुंडाळी. बाई गेल्या, म्हणून सांगायला आला होता. तिरडीचा बांबू घरचाच होता, म्हणाला, परवान्याचा. "माय म्हने, चटई मास्तरले देजो. अन् काठ बांधू नोका म्हने, मेंबर अजून हाये."

ती माझ्याकडे आहे. एका टोकाला काठ नाही, कामट्या तशाच मोकळ्या आहेत. सिरोंच्यालाही मी कामकाजाची पुस्तकं मागवतो. आता ती मुंबईहून येतात. संध्याकाळी चटईवर बसून मी ती मोठ्यानं वाचतो, समोर कोणी नसतं. बायको म्हणते, कोणाला ऐकवता? मी एका वेळी एकच पान उलटतो, जरा आवाज होईल असं.