काय ऐकू आलं

त्या दिवशी सकाळी अर्धापूरच्या घरून दादाचा फोन आला तेव्हा मी एका हातानं डबा भरत होते आणि दुसऱ्या हातानं तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा पिशवीत कोंबत होते. लातूरच्या एका शाळेत मी चोवीस वर्षं गणित शिकवते आणि त्यातली निदान वीस वर्षं प्रार्थनेला धावतपळत पोचते, हे दादाला पाठ होतं. म्हणून तो सकाळी कधी फोन करत नसे. त्या दिवशी केला. मायची बीपीची गोळी बदललीय, अर्धापुरात ऊन वाढलंय, शेजारच्यांनी केळीची फणी आणून दिलीय... असं इकडचं तिकडचं बोलला आणि मग जाता जाता सांगावं तसं म्हणाला, "पाठीत उगं जरासं दुखून राहिलंय." मी म्हटलं, गॅसची टाकी एकट्यानं उचलली असशील, शेक घे, पड थोडा वेळ, रविवारी मी येतेच आहे. तो "हाव" म्हणाला आणि मी फोन ठेवला. दुपारी नववीच्या वर्गात गुणोत्तर-प्रमाण चालू असताना शिपाई बोलवायला आला, तेव्हाही मला वाटलं, मायचंच काहीतरी असेल. मायचं वय ब्याऐंशी, दादा चोपन्नचा. शेजाऱ्यांनी त्याला गाडीत घालून नांदेडला नेलं होतं, पण दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं होतं. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. पाठीतूनही येतो कधी कधी.

आता महिना होऊन गेला. माझा भाऊ मिलिंद काय काम करत होता, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, म्हणून आधी ते सांगते. आमचे वडील पंचायत समितीत शिपाई होते आणि पोरानं डॉक्टर व्हावं अशी त्यांची फार इच्छा. मार्क थोडेसे कमी पडले. दादानं कुणाला न विचारता नर्सिंगचा फॉर्म भरला आणि घरात आठ दिवस अबोला झाला. पोरगा अन् नर्स? पुढं तो नांदेडच्या दवाखान्यात लागला, तिथं पुरुष नर्सला सगळे 'ब्रदर' म्हणतात, तेव्हा वडिलांचा जीव जरा भांड्यात पडला, कारण ब्रदर म्हणजे नर्स हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला स्थळं येत, नर्स म्हटल्यावर परत जात. नंतर तो समुद्रात तेल काढणाऱ्या रिगवर मेडिक म्हणून गेला, तेव्हा तर येणंच थांबलं. "समुद्रात पेशंट कोण, मासे का?" असं आमच्या मामांनी भर पंगतीत विचारलं होतं. दादा हसून म्हणाला, मासे कुरकुर करत न्हाईत मामा, म्हणून माणसं घेतली.

रिग म्हणजे समुद्राच्या मधोमध उभं केलेलं लोखंडी गाव. शंभराच्या आसपास माणसं, अठ्ठावीस दिवस तिथं, अठ्ठावीस दिवस घरी, जायचं-यायचं हेलिकॉप्टरनं. त्या सगळ्यांत औषध देणारा माणूस एकच, दादा. डॉक्टर जमिनीवर, फोनच्या पलीकडे. रोज सकाळी उठून आधी पिण्याचं पाणी तपासायचं, मग स्वयंपाकघरातले फ्रीज उघडून वास घ्यायचा, मग कुणाचं बोट चेंबलं, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, कुणाला चारी बाजूंचं पाणी बघून बघून घरची आठवण येऊन झोप लागत नाही... हे सगळं त्याच्याच खोलीत यायचं. लातूरला आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, अर्धापुरातही उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, त्यामुळं दादा रिगवरसुद्धा अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचा. शॉवर बिघडलाय का, म्हणून साफसफाईवाल्यानं दोनदा तक्रार नोंदवली. सुट्टीवर आला की ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा, बीपीचं मशीन मांडीवर. गल्लीतली माणसं यायची, 'डॉक्टर' म्हणायची. तो दर वेळी न चुकता सांगायचा, डॉक्टर न्हाई, नर्स हाय. मी वैतागून म्हणायची, एकदा तरी गप बसून घे की डॉक्टर म्हणून. पण नाहीच.

त्याची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. रिगवरचं सरकारी रजिस्टर वेगळं, ही त्याची स्वतःची. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, नाव, मग 'काय म्हणाला' आणि शेवटी 'काय ऐकू आलं'. हे शेवटचे दोन रकाने मला आधी कळलेच नाहीत. तेव्हा त्यानं मला समजावलं. रिगवर दुखणं विचारायची रीत ठरलेली असते, दहापैकी किती दुखतं ते सांगा. केरळचा माणूस सरळ सात सांगतो. पंजाबचा माणूस ओरडून नऊ सांगतो. आपल्या भागातला माणूस मात्र दहापैकी किती विचारलं की लाजतो, आणि म्हणतो, जरासं. ओट्यावर येणाऱ्या एका आजींना दादानं हाच प्रश्न विचारला होता. आजी म्हणाल्या, "दहा म्हंजे मेल्यावरच ना रे बाबा? मग दोन लिव्ह." दादा म्हणायचा, आपल्याकडं दुखणं सांगणं म्हणजे दुसऱ्याला त्रास देणं. त्यातून रिगवर तर दुखतंय म्हटलं की परत जमिनीवर पाठवतील ही धास्ती. म्हणून माणूस बोलतो एक अन् ऐकू यायला पाहिजे दुसरं. 'जरासं' म्हटलं की आठाच्या खाली लिहायचं नाही, आणि 'उगं जरासं' म्हटलं की उठून उभं राहायचं, हा त्याचा नियम होता. माझ्यासारख्या गणिताच्या बाईला तो लगेच पटला. मी तो वर्गात मुलांनाही सांगितला होता... सांगताना मुलं हसली होती, मीही.

हदगावचा बालाजी त्याच वहीत आहे. रिगवर पाइप ओढायचं काम करायचा, तिशीतला, तगडा. एका दुपारी दादाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, घाम पुसत म्हणाला, छातीत उगं जरासं धरल्यावानी झालंय, एखादी गोळी द्या म्हंजे जातो कामावर. दादा उठून उभा राहिला. दहापैकी किती विचारलं तर बालाजी म्हणाला, दोन. ईसीजी काढला तर त्यात ठळक काही दिसेना. रिगच्या साहेबानं विचारलं, हा स्वतः दहापैकी दोन म्हणतोय, तर हेलिकॉप्टर कशासाठी? वर ढग यायला लागले होते, तासाभरानं उड्डाण बंद झालं असतं. दादा एरवी वरिष्ठांपुढं मान खाली घालून बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यानं सांगितलं, साहेब, याच्या भाषेतले दोन म्हणजे तुमच्या भाषेतले नऊ, चुकलो तर पुढच्या हेलिकॉप्टरनं मला पाठवा. बालाजी मुंबईला पोचला आणि दवाखान्यातच त्याला मोठा झटका आला. तिथं होता म्हणून वाचला. ही गोष्ट दादानं मला अगदी सपाट आवाजात सांगितली. मी विचारलं, सगळ्यांचा शेवटचा रकाना तू भरतोस, तुझं दुखलं तर कोण भरणार? "तू हायस की," तो म्हणाला, आणि चहा मागितला.

दादाच्या जलदान विधीच्या दिवशी बालाजी आला होता. हदगावहून सकाळच्या पहिल्या एसटीनं, बायको आणि लेकीला घेऊन. वंदना झाल्यावर दोन शब्द बोलायला उठला, लेकीला पुढं घेतलं. "माझ्या जरासंला मिलिंदभाऊनं लई समजलं," एवढंच म्हणाला, "म्हणून ही लेक बाप म्हणू राहिली." आणि खाली बसला. माणसं गेल्यावर मी दादाची खोली आवरायला घेतली. रिगवर न्यायची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, तो गेला त्यानंतर चारच दिवसांनी त्याची रिगवरची पाळी सुरू होणार होती आणि त्याआधी कंपनीची तब्येत तपासणी. खुर्चीवर बीपीचं मशीन, त्याचा पट्टा अजून दंडाएवढा गोल. आणि शेजारी ती वही. शेवटच्या पानावर त्याच दिवसाची तारीख, सकाळची वेळ. नाव: मिलिंद. काय म्हणाला: पाठीत उगं जरासं. पुढचा रकाना कोरा.

तो कोरा रकाना बघून आधी मला दादाचा संतापच आला. सगळ्या जगाचं जरासं ओळखणारा तू, स्वतः का नाही उठून उभा राहिलास? त्या तपासणीत नापास करतील म्हणून? म्हणजे तूही शेवटी बालाजीच निघालास की. मग हळूहळू कळलं, त्यानं नियम मोडलाच नव्हता. ज्याचं दुखतं त्यानं तो रकाना भरायचा नसतो. त्यानं वहीत ओळ लिहिली, आणि सकाळी कधी न करणाऱ्यानं मला फोन केला. ज्या शब्दाची किल्ली त्यानं फक्त माझ्या हातात दिली होती, नेमका तोच शब्द वापरला. आणि मी प्रार्थनेला उशीर होतोय म्हणून त्याला शेक घ्यायला सांगितलं. मैत्रिणी म्हणतात, तू लातूरला, तो अर्धापूरला, तू काय करणार होतीस? शेजाऱ्याला एक फोन करता आला असता. तेवढंच करायचं होतं. तेवढं मी केलं नाही, आणि याला दुसरं कुठलंही उत्तर येत नाही, मी कितीही वेळा गणित मांडलं तरी.

मागच्या रविवारी मी अर्धापूरलाच होते. माय ओसरीत शेपू निवडत बसली होती. निवडता निवडता हात थांबला, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "न्हाई, काही न्हाई, उगं जरासं गरगरून राहिलंय." मी उठून उभी राहिले. शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली, नांदेडला पोचेपर्यंत मायचं मनगट सोडलं नाही. नाडी फार मंद झालेली निघाली, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं म्हणाले. तीन दिवस ठेवून घरी सोडलं. आता बरी आहे, आणि माझ्यावर नाराज आहे, कारण त्या गडबडीत शेपू वाळून गेला.

घरी आल्यावर मी लाल वही काढली. पट्टी घेऊन दादाच्या ओळीखाली नवी ओळ आखली आणि मायचं नाव घातलं. माय खाटेवरून बघत होती.

"काय लिवलंस?"

"तू म्हणालीस ते."

"अन् त्या पलीकडं?"

"मला ऐकू आलं ते."

तिनं वही मागून घेतली. मायला वाचता येतं, वडिलांनीच शिकवलेलं, बोट ठेवून वाचते. तिचं बोट आधी तिच्या ओळीवरून फिरलं, मग वरच्या ओळीवर गेलं, मिलिंद या नावावर थांबलं, पुढं सरकत सरकत कोऱ्या रकान्यात येऊन टेकलं. फोनचं मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

"हे कुनी भरायचं व्हतं?" मायनं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

मायनं वही मिटली, माझ्या हातात दिली, आणि विचारलं, "तुला लई दुखून राहिलंय का, सुजे?"

मी म्हटलं, "जरासं."

माय खाटेवर उठून बसली.