दाराच्या चित्राखालचा आकडा

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. त्या भिंतीवरचा आकडा मी पुसला होता.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. आम्ही चार मित्र होतो, आणि त्याच त्या ओळखीच्या लोकांना बोलावून प्रदर्शनं भरवण्याचा आम्हाला वीट आला होता. रुळांलगतची एक झोपडपट्टी उठणार अशी बोलवा होती. तिथेच प्रदर्शन करायचं ठरलं. तिथल्या प्रत्येकाने मागे टाकलेलं गावचं घर आम्ही त्याच्याच कुडाच्या भिंतीवर रंगवायचं आणि शहराला ते पाहायला बोलवायचं. ही माणसं बेघर जन्मली नाहीत, एवढंच म्हणायचं होतं.

वस्तीचा आमच्यावर काडीचा भरवसा नव्हता. कोणी आम्हाला सर्वेवाले समजे, कोणी पुढाऱ्याची माणसं. आम्ही गल्लीत वळलो की शिलाई मशीन गोधडीखाली जाई. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय होता. यातल्या निम्म्यांची दुसरीकडे खोली असणार, असं मी मित्रांजवळ बोललोसुद्धा.

माझ्या वाट्याला जी झोपडी आली ती एका विधवा बाईची. ती इतवारीच्या बाजारात धान्याच्या दुकानांपुढे सांडलेलं झाडून पाखडून देई. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, कोणं धाडलं तुम्हाले. कोणीच नाही म्हटलं तर म्हणाली, "फुकट कोणी रंग लावत नाही, मास्तर."

पुढे ती थोडी सैल झाली. गावच्या घराला तांबडं दार होतं, पितळी कडीचं, तेच काढा म्हणाली. तिच्या झोपडीला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. शेजारच्या हातठेलेवाल्याने लगेच टोमणा मारला, "काहून वं, कुलूपबी काढून घे मास्तरकडून." त्या दोघांचं त्या भिंतीवरून जुनं वाकडं होतं. त्याचा ठेला तिथे घासे.

एक अट मात्र तिने घातली. सर्वेवाल्यांनी प्रत्येक झोपडीवर गेरूने आकडा टाकला होता. भिंतीवरचा आकडा आणि त्यांच्या दप्तरातला आकडा जुळला तरच वस्ती उठल्यावर दुसरीकडे प्लॉट, असं ते बजावून गेले होते. म्हणून भिंत सारवताना बाया त्याच्याभोवतीची जागा कोरडी सोडत, पावसात त्यावर टिनाचा तुकडा ठोकत. ती म्हणाली, बाकी सगळं रंगवा, एवढं सोडा. मी हो म्हटलं.

पाहुणे यायचे त्या दुपारी ती बाजारात होती. आकडा नेमका दाराच्या मधोमध येत होता. त्याने माझं दार एखाद्या कचेरीचं दिसायला लागलं. मी ओल्या मातीचा हात फिरवला, वर चुना, वर तांबडा रंग. नंतर खाली कोपऱ्यात तोच आकडा लिहून टाकू, असं मनात होतं. पण लोक आले, फोटोवाला आला, त्या दारापुढे माझा फोटो निघाला, चार मोठ्या माणसांनी पाठ थोपटली.

ती परतली तेव्हा पाहुणे अजून उभेच होते. चित्राकडे तिने पाहिलंही नाही.

"आकडा कुठी गेला?"

"आज मी आलो तेव्हाच नव्हता," मी म्हणालो.

एवढ्या लोकांसमोर लाज नको, एवढंच कारण. तिने शेजाऱ्याकडे पाहिलं. "तूच पुसला गा. माह्या जागेवर तुले ठेला लावाचा हाये."

तो चिडला नाही. माझ्या तांबड्या हातांकडे पाहत राहिला. "मी काहून पुसू? मास्तरले विचार."

"मास्तर कायले खोटं बोलन?" ती म्हणाली.

पहिल्या दिवसापासून माझ्यावर संशय घेणाऱ्या बाईने नेमका त्या दिवशी विश्वास ठेवला.

मग सर्वेवाले आले. भिंतीवर कोणता आकडा होता हे लिहितावाचता येणारा कोणी सांगत असेल तर बघू, म्हणाले. ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. चित्रासाठी येताना एकदा तरी आकड्यावर नजर पडली असेलच ना, तो कोणता होता एवढंच कचेरीत सांगा, म्हणाली. मला तो आकडा पाठ होता, आजही आहे. पण तो सांगितला तर मग पुसला कोणी, हेही कचेरीत विचारलं गेलं असतं. मी म्हटलं, माझ्या ध्यानातच नाही. तिने मान हलवली, पदर सारखा केला आणि गेली.

वस्ती उठली. बाकीच्यांना नंदनवनच्या पलीकडे प्लॉट मिळाले, शेजाऱ्यालाही. आकडा त्यानेच पुसला असं धरून तिथे लोक त्याच्या घरचं पाणी पीत नव्हते, असं मी ऐकलं. बाई शहराबाहेर वाडीला गोदामांमागे भाड्याच्या खोलीत गेली म्हणतात. मी कधी पाहायला गेलो नाही. हातठेलेवाला एकदा इतवारीत समोर आला. पोती लादलेली, गर्दीत ठेला अडलेला.

"मास्तर, आता तरी सांगा ना गा तिले," तो हळूच म्हणाला.

मी भांड्यांच्या गल्लीत वळलो.

आता पन्नाशी आली. माणसं मला खोटं बोलणारा समजत नाहीत, आणि तेच मला टोचतं. वाडीला जाऊन तिला शोधायला हवं आणि हातठेलेवाल्यासमोर तिला सांगायला हवं, आकडा मी पुसला, याने नाही. त्या बाईला मी एक घर देणं लागतो, आणि त्या माणसाला एक वाक्य. दोन्ही अजून दिलेली नाहीत.