मुकी वरात

वसमतच्या बसस्टँडवरून मी पहिल्यांदा पुण्याला निघाले, तेव्हा मला सोडायला अख्खा बँड आला होता. लाल कोट, सोनेरी झालर, दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट आणि पोटावर बांधलेला मोठा ढोल. बँड बाबांचा होता आणि पोरगी भौतिकशास्त्र शिकायला निघाली होती. त्यांच्या मते हा प्रसंग वाजवण्याजोगाच होता. कंडक्टर खाली उतरून विचारू लागला, "नवरदेव कुठंय?" बाबांनी ट्रम्पेट तोंडापासून काढलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगितलं, "नवरदेव न्हाई! आमचं लेकरू शास्त्रज्ञ व्हायला चाललंय!" मी खिडकीची काच ओढून घेतली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. धाकटा भाऊ संजू खाली उभा राहून ते पाहत होता. पुढचा सगळा घोटाळा त्या दोन बोटांमुळे आणि माझ्या एका बढाईमुळे झाला.

आपलं गाव सोडून जे गेले त्यांना ठाऊक आहे, परक्या मुलखात माणूस आधी भाषा शिकतो, मग थंडी सोसायला शिकतो आणि सगळ्यात शेवटी तिथली शांतता अंगवळणी पडते. उत्तर जर्मनीतल्या ज्या शहरात मी राहते, तिथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारीण जिन्यात येऊन उभी राहते. रिकाम्या काचेच्या बाटल्या पेटीत टाकायच्या त्याही वार आणि वेळ पाहून. पहिल्यांदा मला हे सगळं विनोदी वाटलं. आता मीच कडीचा आवाज होऊ न देता दार लावते. गावी आले की संजू म्हणतो, "ताई, चोरावानी काहून वावरून राहिली घरात?"

माझं काम काय, हे मी गावात कधी नीट सांगितलं नव्हतं. विझलेले दोन तारे असतात. एकेक आपल्या सूर्याहून जड, पण इतका दाबून बसलेला की वसमत ते औंढा एवढ्या अंतरात मावेल. हे दोघे एकमेकांभोवती फिरतात, फिरता फिरता जवळ येतात, आणखी वेगाने फिरतात आणि शेवटी आदळतात. त्या घुसळणीने अवकाशात लाटा उठतात आणि कोट्यवधी वर्षांनी आपल्यापर्यंत पोचतात, इतक्या क्षीण होऊन की पृथ्वीवरचा सगळा गोंगाट त्यांच्याहून मोठा भरतो. ती लाट कशी दिसेल हे आधीच गणिताने काढून ठेवायचं, हे माझं काम. जत्रेत चार बँड एकदम वाजत असले तरी बाबांना त्यांच्या पोरांचं गाणं वेगळं ऐकू येतं, कारण ते त्यांना आधीच पाठ आहे. आम्हीही तसंच करतो. लाट पाठ करून ठेवतो आणि गोंगाटात शोधतो.

बाबांनी एकदा फोनवर विचारलं होतं, "तुझे तारे वाजतात तरी कसे?" मी ऑफिसात, दार लावून, तोंडाने काढून दाखवलं. खालच्या सुरातून सुरू होतं, हळूहळू चढतं, मग एकदम भराभरा चढतं आणि तुटतं. ऊऽऽऽप!  मग पलीकडून ट्रम्पेटवर तेच, हुबेहूब. "एका दमाचं काम हाय," बाबा म्हणाले, "लगीन वाजवण्यापरीस सोपं."

बाबांनी बँड काढला तो नुसत्या हौसेने नाही. त्यांच्या वडिलांची वरात वेशीपासून मुकाट न्यावी लागली होती, कारण आमच्या वस्तीतल्या माणसांनी गावातून वाजत जायचं नाही असा तेव्हाचा दंडक होता. बाबांच्या लग्नात पहिल्यांदा वाजलं. नंतर जन्मभर ते दुसऱ्यांच्या वराती वाजवत राहिले, ज्यांच्या दारावरून आजोबा चपला हातात घेऊन जात त्यांच्यासुद्धा. आता छातीत दम उरलेला नाही. बँड संजू चालवतो. पण संजूच्या लेकीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं तेव्हा बाबांनी बिडी सोडली आणि रोज सकाळी ओट्यावर बसून ट्रम्पेटचा तोंडाला लावायचा मुखडा तेवढा काढून त्यात फुंकायला लागले. नातीच्या वरातीला एक गाणं आपण वाजवायचं, मग ट्रम्पेट खुंटीला, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

त्याच महिन्यात मी यंत्र घेऊन गावी आले. औंढ्याकडे या लाटा टिपणारी मोठी वेधशाळा उभी राहणार आहे, म्हणून मला आपल्या भागातल्या जमिनीची रोजची थरथर हवी होती. बस, ट्रॅक्टर, हळद पॉलिश करायचे ड्रम, पिठाची गिरणी, सगळं. त्या खऱ्या गोंगाटात माझ्या गणितातल्या लाटा मिसळायच्या आणि आमची रीत त्या शोधून काढते का हे पाहायचं. आमच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरं-अवजारं ठेवायच्या जागी, वस्तीला लागूनच, खड्डा खणून मी ते डब्यासारखं यंत्र बसवलं. भोवती सगळी भावकी जमली होती. एवढे प्रेक्षक समोर असताना साधं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी हात पसरून म्हणाले, "मुंगी चालली तरी याला कळतं! तुम्ही इथे शिंकलात तर तिकडे जर्मनीत माझे साहेब रुमाल पुढे करतील!" लोक खूश झाले. मीही झाले. गोंगाटच हवा आहे, एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं. पुण्याला एक व्याख्यान होतं, ते देऊन लग्नाच्या दिवशी परत येते असं सांगून मी निघून गेले.

परतताना बस रखडली. मी वेशीशी पोचले तेव्हा वरात मांडवात शिरत होती आणि काहीही ऐकू येत नव्हतं. दोनशे माणसं चालत होती, बायका पदर तोंडाशी धरून. गिरणी बंद. ट्रॅक्टर पार डांबरी रस्त्याला उभे. बँडवाले पूर्ण पोशाखात, वाद्यं काखेत धरून, शाळेच्या प्रभातफेरीसारखे दोघादोघांनी. आणि सगळ्यांत पुढे बाबा, इस्त्रीच्या लाल कोटात, ट्रम्पेट छातीशी उलटं धरलेलं.

मी संजूला गाठलं. "बँड काहून बंद आहे?"

"हळू बोल ना ताई!" त्याने माझाच दंड दाबला. "तुझं यंत्र ऐकून राहिलं. साहेबाला तकलीफ नको."

"अरे, पण सांगितलं कुणी तुला?"

"सांगायचं काय त्यात? तुला आवाज सहन होत न्हाई, हे काय मला माहीत न्हाई व्हय? बसस्टँडवर पाहिलंय मी."

मी तिथेच ओरडायला हवं होतं की वाजवा. पण तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका पुढे आले आणि संजूचा हात हातात घेऊन म्हणाले, "असं शिस्तीचं लगीन आमच्या पाहण्यात न्हाई. बराबर केलं तुमी." संजूची छाती फुगली. आता मी तोंड उघडलं तर त्याची व्याह्यांसमोर फजिती. मांडवात वंदना सुरू झाली. मी उभी राहिले, आणि ज्या बाईला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलं नाही ती गप्प बसली. अक्षता म्हणून फुलं टाकताना प्रज्ञाने माझ्याकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं आणि हसली. आत्याच्या गुपितात आपणही सामील आहोत, असं ते हसू होतं. जमीन दुभंगली असती तर यंत्राला बराबर कळलं असतं. मला आत जायला जागाही झाली असती.

पाहुणे गेल्यावर मी सगळं सांगितलं. संजू खुर्चीवर बसला तो उठेना.  बाबांनी कोट काढून घडी घातली. दुसऱ्या दिवशी जर्मनीहून सहकाऱ्याचा आनंदी निरोप आला, इतकी शांत जागा आयुष्यात पाहिली नाही, या गावात माणसं राहतात तरी का?

राहतात, आणि अशी राहतात. मी त्यांच्यासाठी काय सोडलं ते आठवायला बसले. आठवण्यासारखं काही निघालं नाही.

लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी येते त्या परतणीला आम्ही कसर भरून काढायची ठरवलं. मी स्वतः गिरणी चालू करवली, ट्रॅक्टर आणवले, आखाड्यासमोर बँड उभा केला. प्रज्ञा जीपमधून उतरली आणि ढोलावर काठी पडली. पोरी नाचल्या, भावजय नाचली, संजू रागारागाने नाचला. मग बाबा पुढे आले. त्यांनी गाणं धरलं, दुसऱ्याच ओळीला दम तुटला. परत धरलं, परत तुटला. बँड थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, श्वास भरून घेतला आणि वाजवलं. खालून सुरू झालं, हळू चढलं, भराभरा चढलं, तुटलं. ऊऽऽऽप! माझे दोन तारे, एका दमात. प्रज्ञाने टाळ्या वाजवल्या.

नंतर बाबा लॅपटॉपवरच्या नागमोडी रेघेवर बोट ठेवत विचारू लागले.

"ह्यो उंच कोण?"

"ढोल."

"अन् ह्ये?"

"नाचणाऱ्यांचे पाय."

"अन् मी कुठं हाय?"

एखादं टोक दाखवून मोकळी होता आलं असतं. पण त्या दिवशी मला बढाईची किळस आली होती. "बाबा, तुमचं यात उमटत नाही. ट्रम्पेटचा आवाज हवेत जातो. हे फक्त जमिनीचं ऐकतं."

त्यांनी रेघेवरचं बोट उचललं. "म्हंजे त्या दिवशी मी वाजवलं असतं, तरी याला कळलं नसतं?"

"नसतं कळलं."

"मंग वाजवलं असतं की गं माय," असं म्हणून ते हसले, हसता हसता खोकला आला, आणि मी त्यांची पाठ चोळत बसले, कारण तोंड लपवायला तेवढीच जागा होती, त्यांच्या मागे.

ट्रम्पेट आता खुंटीला आहे. मी इकडे जर्मनीत परत आले. घर म्हणजे काय असं इथे कुणी जेवणाच्या टेबलावर विचारलं, तर पूर्वी मी पाच मिनिटांचा प्रयोग करायचे, ढोलासकट. आता म्हणते, जिथे माझ्यासाठी माणसं गप्प बसली ती जागा, आणि पाणी प्यायला उठते. दिवसभर गावाची ती थरथर समोर असते. तिच्यात मी माझ्या लाटा मिसळते, शोधते, बहुतेक सापडतात. बसच्या थरथरीत मिसळते, गिरणीच्या मिसळते, पोरींच्या नाचातही मिसळते. ढोल थांबतो आणि रेघ क्षणभर जवळजवळ सपाट होते, ती बाबांच्या एका दमाची जागा मात्र मी रिकामी सोडते.