चाळीस रुपयांची झाडी

दत्तू गेल्याची बातमी घेऊन त्याचा शेजारी आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भैया, दत्तोपंत गेले," एवढंच तो म्हणाला. आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "गाढवा!" शेजारी बिचारा दचकला, त्याला वाटलं मी त्यालाच म्हणालो... याला आता दीड महिना होईल. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन. पण आधी मला त्याच्याशी भांडून घेऊ द्या.

दत्तू आणि मी संस्थानच्या एकाच कचेरीत कारकून. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, दारावरच्या पाट्या बदलल्या, आम्ही मात्र त्याच खुर्च्यांवर बसून राहिलो. त्याने लग्न केलं नाही. थोरली बहीण, आमची आक्का, ऐन तारुण्यात विधवा होऊन परत आली, तेव्हापासून भाऊ-बहीण भाड्याच्या दोन खोल्यांत. सगळा जन्म आक्काने दुसऱ्याच्या नळावर, दुसऱ्याच्या सवडीने पाणी भरलं. "वशा, आक्काला एकदा स्वतःच्या उंबऱ्यावर बसलेली बघायचीय," हे दत्तूचं पालुपद. त्यासाठी पै-पै साठवून त्याने गावाबाहेर प्लॉट घेतला. वर्षाच्या आत पाया घातला नाही तर प्लॉट परत जाणार, अशी अट होती.

प्लॉट कसला, जंगलच ते! घाणेरी, बोरी, मधे दोन जुन्या बाभळी. आत माणूस शिरला तर बाहेरून दिसायचा नाही. मजुरांच्या मुकादमाने चक्कर मारून सांगितलं, "बाबूजी, चालीस रुपये लगेंगे. जड़ से निकाल देंगे." मी म्हटलं, देऊन टाक आणि मोकळा हो. तर दत्तू म्हणतो, "चाळीस रुपयांत दोन खिडक्या होतात रे!" मग त्याने लाकूडवाला गाठला. लाकूड तुझं, सफाई माझी, असा सौदा. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश की मला कचोरी खाऊ घातली! लाकूडवाल्याने दोन्ही बाभळींचे बुंधे गाडीत घातले, काटेरी फांद्या तिथेच टाकल्या आणि जो गेला तो गेलाच. आधी उभे काटे होते, आता आडवेही झाले.

तेवढ्यात गुरुजींनी भूमिपूजनाचा मुहूर्त काढून दिला. यानंतर कित्येक महिने मुहूर्त नाही म्हणाले. झालं! चार पाट मावतील एवढी जागा कशीबशी खुरपली आणि काट्यांच्या गराड्यात आम्ही पूजा उरकली. आक्काने मधे मांडलेल्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, दत्तूने नारळ फोडला. पुढच्या रविवारी मी सहज तिकडे गेलो, तर हा गृहस्थ धोतराचा काचा मारून, हातात कुऱ्हाड घेऊन बोरी तोडतोय. वहाणा रस्त्यावर काढून ठेवलेल्या.

"अरे, पायात घाल काहीतरी!" मी ओरडलो.

"पूजा झाली ना इथे. देवघरात चपला घालून जातोस का तू?"

"माझ्या देवघरात बोरीचे काटे नसतात!"

तो हसला. "आक्काचं घर आहे वशा. सुरुवातच चपलेने करू होय?"

आता याला काय म्हणावं! चाळीस रुपये मी देतो म्हटलं, तर तोंड फुगवून बसला. पुढे दर रविवारी हेच. तो तोडायचा, मी रस्त्यावर उभा राहून शिव्या घालायचो. थकला की कुऱ्हाडीच्या दांड्याने मातीत रेघ मारून दाखवायचा... ही आक्काची मोरी, हा नळ, तिचा स्वतःचा. त्या वेळी त्याचा चेहरा असा काही व्हायचा की शिव्या सोडून मीच विचारायचो, "आणि उंबरा कुठे?"

मग एकदा टाचेत काटा मोडला. सुईने उकरून काढला, हळद भरली, लंगडत ऑफिसात आला. "कुछ नहीं रे," म्हणाला. काही दिवसांनी त्याची दातखीळ बसली. धनुर्वात. हॉस्पिटलात मी गेलो तो त्याला फाडफाड बोलायचं ठरवूनच, आणि बोललोही. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. सबंध आयुष्यात त्याने मला एकही वाद जिंकू दिला नव्हता. त्या दिवशी मी जिंकलो... नको होतं रे मला ते.

अटीची मुदत संपत आली होती. गेल्या आठवड्यात आक्काने त्याच मुकादमाला बोलावलं. त्याने तोच भाव सांगितला, तिने चाळीस रुपये मोजले. दोन दिवसांत जमीन हाताच्या तळव्यासारखी स्वच्छ. दोन दिवसांत! राहिला तो फक्त मधला पूजेचा दगड आणि त्याच्याभोवती पुन्हा फुटलेली झुडपं. तिथे हळद दिसताच मुकादम थबकला, हात जोडले आणि पायातला जोडा काढू लागला. मीही बूट काढायला वाकलो.

"जूता पहनो!" आक्का ओरडली. उभ्या जन्मात तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "सब लोग जूता पहनो! वसंता, तूसुद्धा."

पदर खोचून ती चपला घालूनच पुढे गेली, थेट त्या हळदीच्या दगडापाशी. तिथे उभी राहून म्हणाली, "माझ्या घरात कुणी अनवाणी यायचं नाही."