मैसूनच्या दातांतली फट

अबू दिया आमच्या दवाखान्यात दात बनवतो. मी बाहेर टेबलाशी बसून रोग्यांना वेळा देते, तो आतल्या खोलीत. पूर्वी त्याच्या बोटांना मेणाचा वास यायचा, मिशीत प्लास्टर अडकलेलं असायचं. एक दात कोरता कोरता सकाळ जायची, मधे निवांत चहा व्हायचा. आता डॉक्टर लमीस रोग्याच्या तोंडात पेनाएवढा कॅमेरा फिरवतात, जबडा पडद्यावर येतो, संगणक दात सुचवतो. अबू दियाने होकार द्यायचा, की कोपऱ्यातलं यंत्र दात कोरून देतं. रोग्यांचं भलं झालं, यात वादच नाही. मापासाठी तोंडात थंडगार लगदा भरून ओकाऱ्या काढणं संपलं. पण काम सोपं झालं की माणसाला आराम मिळतो असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या इर्बिद शहरात नोकरी केलेली नाही. काम तिप्पट झालं.

"घरी जा, झोप जरा," मी म्हणायचे.

"झोपेतही दातच दिसतात गं, उम्म सलीम."

रमजानच्या आधी त्याची बायको मैसून जिना धुताना साबणाच्या पाण्यावरून घसरली. वरचे समोरचे दोन्ही दात मुळासकट गेले. त्या दोन दातांत तिला फट होती. आमच्याकडे अशी फट म्हणजे रूप. मुलगी बघून आलेल्या बायका घरी येऊन आधी तेच सांगतात. मैसूनला ती आईकडून आलेली. "आईची आठवण आली की मी आरशात हसून बघते," असं आई गेल्यावर तिनंच मला सांगितलं होतं.

जखम भरली, डॉक्टरांनी माप घेतलं. "हिचे दात माझ्यावर सोडा," अबू दिया म्हणाला. दिवसभराचा ढीग उपसून तो तिच्या दातांकडे वळला, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. संगणकाने दोन सरळ, देखणे, एकमेकांना चिकटलेले दात सुचवले. त्याने होकार दिला.

दात बसवले तेव्हा डॉक्टर खूश होत्या. मैसूनने आरसा घेतला, दातांमागून जीभ फिरवली.

"छान आहेत," ती म्हणाली. "कुणाचे आहेत?"

अबू दियाला कळेचना.

"अहो, माझी फट कुठे गेली?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "पुन्हा करतो. त्यात काय, आत्ता करतो." तो तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. मागोमाग तिच्यासोबत आलेली तिची नणंद, आणि दारापर्यंत मी.

"रूपासाठी दातांत फट पाडून घेणं पाप आहे हां," नणंद म्हणाली.

"पाडून कुठे घेतेय? अल्लाहने दिलेली परत मागतेय. तुमचं आपलं काहीतरीच!"

अबू दियाने पडद्यावर दात जरा लांब सरकवले. "एवढी?"

"नाही वाटत."

"मग एवढी?"

"मला काय विचारता? आरशात बघून कुणी मापं घेतं का? रोज जेवायला समोर तर तुम्ही बसायचात."

लग्नाच्या फोटोत तिचं तोंड मिटलेलं. तेव्हा नवरीने दात दाखवायचे नसत. मोबाइलमधल्या फोटोंत हसताना तळहात तोंडावर. तिच्या जबड्याचा प्लास्टरचा जुना साचा होता, पण संगणक आल्यावर आम्ही सगळे साचे टाकून दिले.

शेवटी अबू दिया म्हणाला, "मला आठवत नाही, मैसून."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. पण ते नवराबायकोचं होतं, मी मधे पडले नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "अंदाजाने ठेवाल ती कुणा दुसरीचीच असेल. त्यापेक्षा हे बरे. दमलात तुम्ही." तिने ओढणी सारखी केली आणि नणंदेबरोबर निघून गेली.

जरा वेळाने त्याने मला हाक मारली. माझ्याकडे न बघताच विचारलं, "उम्म सलीम, तुला आठवते?"

मला आठवत होती. तांदळाचा दाणा उभा बसेल एवढी. मी सांगितलं. त्याने दात तेवढेच सरकवले आणि हात थांबवला.

"हीच," तो म्हणाला, आणि पडद्यासमोर तोंड झाकून रडायला लागला.