बशीचं झाकण

आम्ही पंपांची माहितीपुस्तकं लिहितो. मजकूर मांडायला सगळीकडे चालतो तो तयार साचा घ्यायचा की आपला वेगळा करायचा, यावर सकाळपासून बैठक चालली होती. तयार साच्यात कृती, इशारा, टीप असे ठरलेले कप्पे असतात. ‘पंप चालू करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून बघा, जड लागला तर थांबा’ हे आमच्या फिटरांचं सांगणं त्यातल्या कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही.

जेवताना आमच्यातल्याच वैजूताईंनी डब्याचं रबर काढून वरची बशी बाजूला ठेवली. लंबगोल पितळी डबा, त्यांच्या आईने मुद्दाम घडवून घेतलेला. झाकण केव्हाच हरवलंय.

“दुसरं नाही मिळत?”

“या मापाचं? सगळा बाजार पालथा घातला. पण पोळी यात चुरगळत नाही बघ.”

मला आता साच्यावरून वाद नको होता. आधीच्या साहेबांनी असाच खास साचा केला होता. ते निवृत्त झाले, आणि त्यातले निम्मे कप्पे कशासाठी आहेत याचा आम्ही अजून अंदाजच बांधतो.

दुपारी मी तयार साच्यासाठी हात वर केला. शाफ्टचं सांगणं टिपेत गेलं, जी कुणी वाचत नाही.

संध्याकाळी वैजूताई विसळलेल्या डब्यावर बशी ठेवून रबर ताणत होत्या. तयार साच्यासाठी हात त्यांनीही वर केला होता.